पत्र्याखालचे काम

आमच्या वडिलांची फियाट ऑगस्ट २००६ पासून सुरतेत घरामागच्या शेडमध्ये उभी होती. त्या महिन्यात उकाई धरणाचे पाणी सोडावे लागले, तापीने काठ सोडले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, हे येथील वाचकांस सांगावयास नको. पाणी गाडीच्या स्टिअरिंगपर्यंत चढले होते. वडिलांनी ती पुसून काढली, वर ताडपत्री घातली, आणि पुढे त्यांच्या हयातीत ती कधी सुरू झाली नाही.

ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० डिलाइट. तेथे १९६४ पासून ही गाडी बनू लागली आणि पुढे तिलाच पद्मिनी हे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची मुदत संपली, तेव्हा वर्तमानपत्रांतील छायाचित्रे पाहून आम्हां भावंडांच्या मनात आले की वडिलांची गाडी नीट करून घ्यावी. रविवारी उपासनेस जाताना आम्ही पाच जण व मंडळीतील दोन आजीबाई तीत कशा मावत असू, हे आज सांगितले तर मुले विश्वास ठेवीत नाहीत.

जुन्या गाड्या पूर्ववत करणाऱ्या एका कारागिराने ती पाहिली. त्याने पायाखालची चटई उचलून पेचकसाने टोचले, तर पेचकस आरपार गेला. ह्या गाडीस वेगळी चासी नसते. खालचा पत्रा हाच तिचा कणा, आणि तोच पुराच्या गाळाने खाल्लेला. तो कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवणे, गंज काढून रेड ऑक्साइड मारणे, इंजिन उघडणे, वायरिंग, क्रोम, रेक्झिन असा सगळा अंदाज चार लाखांच्या घरात गेला. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "साहेब, भंगारात एक चांगली बॉडी आहे. तिच्यावर तुमचा नंबर ठोकून देतो. दीड लाख वाचतील. रंग झाल्यावर कुणास कळायचे नाही."

आमचा धाकटा भाऊ तेथेच म्हणाला, "मग हरकत काय? पत्रा कापून नवा घातला तरी तो वडिलांचा पत्रा थोडाच राहणार?"

ह्या प्रश्नास आम्हांस लगेच उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. प्रश्न जुनाच आहे. अथेन्सच्या लोकांनी थेसियसचे जहाज जपून ठेवले, कुजलेली फळी काढून नवी घालीत गेले, आणि ते तेच जहाज की दुसरे, ह्यावर तत्त्वज्ञ वाद घालीत, असे प्लुटार्कने लिहिले आहे. पुढे सतराव्या शतकात हॉब्सने विचारले, काढलेल्या जुन्या फळ्या गोळा करून कोणी दुसरे जहाज बांधले तर? आपल्या सरकारसही ह्या कोड्याला हात घालावा लागला. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीस व्हिंटेज म्हणून 'व्ही.ए.' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. मात्र ती मूळ स्वरूपात राखलेली हवी, तिच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, आणि ती रोजच्या वापरास वा धंद्यास काढावयाची नाही. मोठा फेरबदल कोठे सुरू होतो, हे ठरवणे मात्र सोपे नाही.

आम्हांस यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातील कुंभार आठवला. भांडे त्याच्या हातात बिघडले, तेव्हा त्याने ती माती फेकून दुसरी आणली नाही. त्याच मातीचे त्याने दुसरे भांडे केले. ठिगळ लावलेली गाडी आणि बदललेली गाडी ह्यांत आम्हांस हाच भेद दिसतो. पहिलीचा इतिहास अखंड चालू राहतो, कापलेला पत्राही त्या इतिहासात येतो. दुसरीत एका गाडीचे नाव चोरून दुसरीस दिलेले असते. कायद्याने तर तो गुन्हाच आहे. पण पकडले न जाण्याची खात्री असती तरी आमचे मन तेच सांगते. वडिलांच्या स्मरणार्थ खोटा नंबर ठोकणे ही कोणती आठवण?

भावाने आणखी एक गोष्ट विचारली, आणि ती अधिक बोचली. चार लाखांत मंडळीतील एखाद्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण झाले नसते का? बेथानी येथील सुगंधी तेलाचा दाखला येथे देण्याचा मोह होतो, पण तो लबाडीचा ठरेल. ते तेल प्रभूसाठी ओतले होते, ही गाडी आमच्यासाठी आहे. त्याच्या ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून दिलेले नाही.

आम्ही काम दुसऱ्या कारागिराकडे दिले. अशा कामात गिऱ्हाइकाजवळ विश्वासाखेरीज काही नसते. पुट्टी व रंग ह्यांखाली गंज आहे की चोख पत्रा, हे दोन पावसाळे गेल्यावरच समजते. २ राजे, अध्याय १२ मध्ये योआश राजाने मंदिराच्या डागडुजीचा हुकूम केला, पण त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी काहीच केले नव्हते. तेव्हा यहोयादाने झाकणास भोक पाडून पेटी ठेवली, आणि सुतार-गवंड्यांस पैसा देणाऱ्यांकडून हिशेबही मागितला नाही, कारण ती माणसे सचोटीने वागत. मंदिराच्या वर्णनात सोन्याची मोजमापे पुष्कळ आहेत, पण आम्हांस ही एक ओळ त्याहून मोठी वाटते. त्या अनामिक माणसांची नावे कोणी नोंदली नाहीत.

रंगाआधी कारागिराने विचारले, डाव्या दारावरचा पोचा ठोकून काढू का? एका नाताळच्या रात्री वडिलांनी चर्चच्या फाटकावर गाडी घासली होती, त्याची ती खूण. पुनरुत्थित प्रभूने थोमास खिळ्यांच्या खुणा दाखवल्या, ही गोष्ट एवढ्याशा पोच्यासाठी आठवावी का, असे वाटून आम्ही ओशाळलो. तरी म्हणालो, राहू द्या.

त्याने मान हलवली, खिशातून मोबाइल काढला, आणि आम्ही न मागता पायाखालच्या पत्र्याची छायाचित्रे एकेक करून दाखवू लागला: गंजलेला, कापलेला, जोडलेला, आणि रेड ऑक्साइड लावण्यापूर्वीचा उघडा.