वर्तुळाच्या मध्यभागी कोण?

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या आगेमागे कधीकधी इंद्रवज्र दिसतं. ऊन पाठीशी असावं लागतं आणि समोर दरीत धुकं दाटलेलं. मग त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं अखंड वर्तुळ उमटतं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात याचं वर्णन लिहून ठेवलं. गुराख्यांनी ते त्याच्या कितीतरी आधीपासून पाहिलं असणार.

शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना हे वर्तुळ एकाच जागी दिसत नाही. धुक्याच्या थेंबांवरून प्रकाश आल्या वाटेनं परततो, त्यामुळे ज्याला त्याला ते आपल्याच डोक्याभोवती दिसतं. दहा माणसं असली तर दहा प्रभावळी आणि प्रत्येकाच्या मध्यभागी तो स्वतः! घरात, कचेरीत, रस्त्यावर आपण नेमके असेच वावरत असतो. सगळं आपल्याभोवती फिरतंय असं वाटतं, आणि शेजाऱ्यालाही तसंच वाटत असेल हे सुचतच नाही.

धुकं विरलं की मात्र खालचा कडा दिसतो. आत वळलेला, पोटावर झोपून डोकं बाहेर काढल्याशिवाय तळ न दाखवणारा. हा सगळा काळा दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा. एकावर एक थर साचत गेले आणि सह्याद्रीच्या परिसरात त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास गेली. घाटरस्त्यानं जाताना या काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे लालसर मातकट पट्टा दिसतो. मला सगळ्यात जास्त दडपण येतं ते त्या पट्ट्याचं. एक लोट थिजला आणि पुढचा येईपर्यंत मधे इतका काळ गेला की वरचा दगड ऊन-पावसानं झिजून त्याची माती झाली. मग नवा लोट आला आणि ती माती भाजून गाडली गेली. इतकी दीर्घ उसंत, आणि तिची खूण एवढीशी. आपलं सबंध आयुष्य, आपली भांडणं, बढत्या, अपमान या पट्ट्यात कुठे बसवायचे?

अशा वेळी माणूस खचायला हवा. प्रत्यक्षात तो सैलावतो. अमेरिकेत यांग बाय आणि डॅकर केल्टनर यांच्या गटानं केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात योसेमिटीच्या दरीसमोर उभ्या असलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गजबजलेल्या धक्क्यावरच्या पर्यटकांना स्वतःचं चित्र काढायला सांगितलं होतं. योसेमिटीतल्या लोकांनी स्वतःला लहान काढलं. ही लहान होण्याची भावना अपमानानं येणाऱ्या लहानपणापेक्षा अगदी निराळी आहे. अपमानात कुणीतरी आपल्याहून मोठा ठरतो आणि आपण धुमसत राहतो. कड्यासमोर सगळेच सारखे लहान, त्यामुळे तुलनाच संपते. निसर्गात मिळते ती शांतता मला तरी इथून येते असं वाटतं. हिरवा रंग आणि थंड वारा हे निमित्त.

पण ही भावना कड्यावरून परतेपर्यंतच टिकते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखलं होतं. त्यांनी नम्रतेला नियमात बांधलं. त्या नियमाचं नाव देवराई. काळकाई, वाघजाई, भैरोबा, ज्याचं त्याचं दैवत, आणि त्याच्या नावानं राखलेलं रान. तिथली काटकीही घरी न्यायची नाही. झाड तोडायची वेळच आली तर आधी देवाला कौल लावायचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या राया पायाखाली घातल्या, तेव्हा आजूबाजूच्या बोडक्या डोंगरांत जुनं जंगल जिवंत राहिलेलं त्यांना तिथे आढळलं. कित्येक गावांच्या पाण्याचा झराही राईतच असतो. राईत शिरलेल्या माणसाला नम्र वाटो न वाटो, त्याला नम्रपणे वागावं लागे, आणि मला ही रीत फार शहाणपणाची वाटते.

आज आपल्याला शांतता हवी असते, पण नियम नको असतो. गडावर स्पीकर जातो. कड्याकडे पाठ करून फोटो निघतात. याहून वाईट गोष्ट राईत घडते आहे, आणि तीही भक्तीच्या नावानं. देवाला मोठं देऊळ हवं म्हणून सिमेंटचा सभामंडप उभा राहतो, त्याच्यासाठी जागा करायला जुनी झाडं जातात, कधी खर्च भागवायलाही जातात. ज्या दैवतानं शतकानुशतकं उघड्यावर, पालापाचोळ्यात राहून जंगल राखलं, त्याच्याच नावानं ते तुटतं.

तुमच्या गावाला राई असेल तर या दिवाळीत तिथे जा, चपला बाहेर काढा, थोडा वेळ काही न बोलता बसा. आणि जीर्णोद्धाराची बैठक ठरली असेल तर तिला आवर्जून हजर राहा. देऊळ लहानच ठेवा आणि झाडं उभी राहू द्या, एवढं चारचौघांत उठून सांगा.