संशयाचा अधिकार

न्यायदर्शनाने ज्या सोळा पदार्थांच्या ज्ञानातून निःश्रेयस साधते असे मानले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यामागोमाग तिसरे स्थान संशयाला दिले आहे. संशय म्हणजे अज्ञान नव्हे आणि निश्चयही नव्हे. दोन भिन्न वस्तूंना समान असलेला धर्म, म्हणजे गुणविशेष, समोर दिसतो, पण त्यांपैकी एकीला दुसरीपासून वेगळे करणारा विशेष धर्म दिसत नाही, आणि म्हणून मन त्या विशेषाच्या अपेक्षेने दोहोंमध्ये हेलकावत राहते, त्या अवस्थेला संशय म्हणतात. परंपरेतील प्रसिद्ध उदाहरण खांबाचे आणि पुरुषाचे आहे: दुरून दिसणारी उभी आकृती या दोहोंपैकी कोणती, हे तिच्या उंचीवरून आणि जाडीवरून ठरत नाही, कारण ती दोहोंची सारखीच असू शकते. या अवस्थेतून पुढे जायचे ते विशेषाच्या शोधाने, आणि निर्णय व्हायचा तो पक्ष व प्रतिपक्ष अशा दोन्ही बाजू तोलून. पोलिसाने रस्त्यात एखाद्याला थांबवून त्याची पिशवी, खिसे आणि अंग तपासावे, याला कायदा ज्या ‘वाजवी संशया’चा आधार देतो, तो या कसोटीला कितपत उतरतो, हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा नाही, नांदेड आणि लातूर या शेजारच्या जिल्ह्यांत तो दोन अगदी निराळ्या रूपांत समोर येतो.

सणासुदीच्या किंवा आंदोलनाच्या तोंडावर मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे मनाई आदेश ठरावीक भाषेत छापून येतात. ते १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, कलम ३७ खाली काढलेले असतात. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, सुरे आणि लाठ्या जवळ बाळगण्यास, दगड गोळा करण्यास, प्रेतांचे वा प्रतिमांचे प्रदर्शन करण्यास, एवढेच नव्हे तर जाहीरपणे गाणी म्हणण्यास आणि वाद्ये वाजवण्यासही त्या कलमाने मनाई करता येते. मनाई मोडून कोणी अशी वस्तू घेऊन फिरत असेल, तर ती काढून घेण्याचा अधिकार पोलिसाला आहे. जमाव आणि मिरवणूक यांवरील बंदी मात्र राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. या आदेशात कोणा एका माणसाविषयी संशय नसतो. तो काळाविषयी आणि जागेविषयी असतो, आणि त्या काळात त्या जागी असलेला प्रत्येक जण त्याच्या कक्षेत येतो.

नांदेडात या यादीतील ‘तलवार’ या शब्दाशी कायदा अडखळतो. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान जेथे झाले, तेथील सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक असून, तेथील मिरवणुकांत शस्त्र हे सजावटीचे साहित्य नसते, ते उपासनेचा भाग असते. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या पहिल्या स्पष्टीकरणाने कृपाण धारण करणे व जवळ बाळगणे हे शीख धर्म पाळण्यात अंतर्भूत मानले आहे. इतरांच्या बाबतीत न्यायालय इतके उदार राहिलेले नाही. आनंदमार्ग या पंथाच्या अनुयायांनी त्रिशूळ, कवटी आणि सुरा घेऊन सार्वजनिक मिरवणुकीत करावयाचे तांडव हा त्यांच्या धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ठरवले. म्हणजे वस्तू धारदार असली तरी ती धारण करणाऱ्याचा हेतू धारेवरून कळत नाही, हे घटनेने कृपाणाच्या बाबतीत मान्य केले आहे. २९ मार्च २०२१ रोजी, करोनामुळे होला मोहल्ला या शीख सणाच्या मिरवणुकीला परवानगी नसताना, नांदेडमध्ये जमावाने पोलिसांचे अडथळे मोडले आणि तलवारींच्या हल्ल्यात पोलीस जखमी झाले, ही घटना या युक्तिवादाच्या विरुद्ध पुढे केली जाणे स्वाभाविक आहे. परंतु त्या दिवशी दोष ठरला तो अडथळा मोडण्याच्या आणि वार करण्याच्या कृतीमुळे, आणि ती कृती करणाऱ्यांपुरताच. पगडी आणि कृपाण हे त्या दिवशी शांतपणे घरी बसलेल्या हजारोंजवळही होतेच. अनुमानाचा हेतू, म्हणजे ज्या खुणेवरून निष्कर्ष काढायचा ती खूण, साध्य जेथे नाही तेथेही आढळत असेल, तर नैयायिक त्याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात, आणि अशा हेतूवर उभा केलेला निष्कर्ष फेटाळतात.

लातूरकडे वळले की हाच हेत्वाभास पिढ्यान्‌पिढ्यांचा होतो. धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घरावर पडणारी पोलिसांची धाड हा त्यातला नित्याचा प्रसंग आहे आणि त्या धाडीला घरातल्या कोणाची विशिष्ट कृती कारण असावीच लागत नाही. जात हीच तेथे खूण. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने हजेरी, नोंदणी आणि वसाहती यांच्या द्वारे या खुणेला विधिवत रूप दिले, आणि तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर रेंगाळणारा आणि स्वतःविषयी समाधानकारक खुलासा देऊ न शकणारा ‘नामांकित चोर’ आजही आहे. चोर म्हणून नाव झाले आहे, एवढ्यावर संध्याकाळचे उभे राहणे गुन्हा ठरू शकते, हे ज्या गावात संपूर्ण वस्तीचेच नाव झालेले असते तेथे काय अर्थ घेते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. समानधर्मालाच येथे विशेषाचे काम करावे लागते. खांबाविषयी शंका आली, म्हणून खांब पाडायचा.

इंग्लंडमधील फुटबॉलप्रेमींवरच्या पोलिसी संशयाविषयीचा वाद याच घडणीचा आहे, फरक एवढाच की तेथे जातीची जागा संघाच्या गळपट्ट्याने घेतली. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्याचे कलम ६० वरिष्ठ अधिकाऱ्याला ठरावीक प्रदेशात आणि ठरावीक तासांपुरता असा हुकूम काढू देते, ज्याखाली शिपाई वैयक्तिक संशयाविनाही झडती घेऊ शकतो. प्रेक्षक म्हणजे दंगेखोर, या समजुतीची सर्वांत भीषण किंमत शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर दिली गेली. दंगेखोरांच्या धास्तीने मैदानाकडेने लोखंडी कुंपणे उभारलेली होती, आणि १५ एप्रिल १९८९ रोजी त्यांच्या आत चेंगरून लिव्हरपूलचे एकूण ९७ समर्थक मेले. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर ढकलला. तो दोष प्रेक्षकांचा नव्हता आणि हे मृत्यू बेकायदा कृत्याने घडले, असा निवाडा मृत्यूचौकशीतल्या ज्यूरीने दिला तो २०१६ मध्ये. पोलिसांच्या संशयाविरुद्धचा हा निर्णय यायला सत्तावीस वर्षे लागली.

गर्दीची स्वतःची अशी भीती असते, ती नाकारण्यात अर्थ नाही. लाखोंच्या गर्दीत एक सुरा पुरतो, आणि प्रत्येकाविषयी विशेष सापडेपर्यंत थांबायचे ठरवले तर बंदोबस्त हा शब्दच निरर्थक होईल. म्हणूनच यात्रेच्या किंवा मैदानाच्या दाराशी सर्वांची सारखी झडती घेणे तुलनेने कमी अन्यायाचे आहे. रांगेतील प्रत्येक जण हात वर करतो, तेव्हा कोणाच्याही शीलाविषयी विधान केले जात नाही. अपमान सुरू होतो तो त्याच रांगेतून काहींनाच बाजूला घेतले जाते तेव्हा. प्रत्येकाविषयी विशेष शोधणे आणि सर्वांची सारखी झडती घेणे या दोन मार्गांच्या मधला, म्हणजे एका वर्गापुरती झडती घेण्याचा मार्ग व्यवहारात सर्वांत सोपा वाटतो, आणि तोच तर्काच्या दृष्टीने सर्वांत पोकळ आहे.

झडतीच्या अधिकाराला बंधन हवे, हे भारतीय कायद्याला कळत नाही असे नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५० प्रमाणे अंगझडतीपूर्वी संबंधित माणसाला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे, आणि त्या हक्काची जाणीव त्याला करून देणे आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या बलदेव सिंग निकालात सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८५ तपासातील झडतीपूर्वी अधिकाऱ्याला आपली कारणे लेखी नोंदवायला लावते. रस्त्यावरच्या नाकाबंदीत मात्र दुचाकीची डिक्की उघडायला लावून, खिसे उलटे करायला लावून, काहीच न सापडता सोडून दिलेल्या माणसाच्या हाती कागद पडत नाही. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याने झडती झालेल्याला तिच्या नोंदीची प्रत मागण्याचा हक्क दिला आहे, तसा सर्वसाधारण हक्क महाराष्ट्रात नाही. सापडलेला सुरा पंचनाम्यात येतो, न सापडलेला कुठेच येत नाही. हेतू व्यभिचारी आहे हे सिद्ध करण्यासाठी नैयायिकाला जी उदाहरणे लागतात, नेमकी तीच येथे नोंदवली जात नाहीत, आणि त्यामुळे कोणत्या वस्तीविषयीचा संशय शंभरापैकी किती वेळा खोटा ठरला, हे ठाणेदारालाही सांगता येत नाही.