आजीचे बोचके

आजी निवर्तल्यावर तिच्या जिंदगीची जी याद झाली तीत पाटल्या आल्या, घंगाळे आले, टवका उडालेला खलही आला. परंतु माळ्यावरच्या पेटीतील कापडाच्या बोचक्यावर कोणी हक्क सांगितला नाही, आणि ते आपसूक माझ्या वाट्यास आले.

त्यात दोन इरकली लुगडी, आजोबांच्या धोतराचे तुकडे, चोळ्या बेतून उरलेले कातरण आणि घडीही न मोडलेले सात खण होते. १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आले व साधे मांजरपाटही सहजी मिळेनासे झाले, त्या दिवसांत जिने संसार केला तिने वीतभर चिंधीही टाकली नाही, या वृत्तीस कृपणता म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

या कापडाची गोधडी करावयाची, असे ठरविले खरे. तथापि कात्री हाती घेतल्यावर मन कचरले. आजीच्या अंगावरचे वस्त्र कापणे हा एक प्रकारचा अधिक्षेप नव्हे काय? ते जसेच्या तसे पेटीत ठेवणे हीच खरी भक्ती नव्हे काय? या प्रश्नाचे उत्तर लुगड्यानेच दिले. उलगडून उजेडात धरले तेव्हा दिसले की, वर्षानुवर्षे नेसण्याधुण्याने जे अंग झिजायचे ते मऊ झाले होते, पण शाबूत होते. विरले होते ते नेमके घड्यांवर, जेथे पेटीने ते जपले होते. पदर वेगळा करण्यासाठी मी शिवण शोधू लागले, तर शिवण नव्हतीच. इरकलीत अंगाचा सुती ताणा आणि पदराचा रेशमी ताणा मागावरच फासात फास अडकवून जोडतात; म्हणजे जोड ही या वस्त्राची जन्मजात प्रकृती आहे. त्यानंतर माझा हात थांबला नाही.

गोधडीचे, किंवा आमच्या कोल्हापूरकडच्या भाषेत वाकळेचे, मर्म तिच्या पोटात असते. जुनी वाकळ फाटली म्हणून कोणी उकिरड्यावर टाकीत नाही. तिलाच आत घालून वर नवे कापड चढवितात, आणि कडेपासून मध्याकडे आत आत सरकत जाणारा धावदोरा सारे थर एकजीव करतो. हल्ली आठवण म्हणून गोधडी भिंतीवर टांगतात, ते मला रुचत नाही. जी पांघरली जात नाही, जिच्यावर तान्हे मूल निजत नाही, जी उन्हात वाळत पडत नाही, तिच्यात आजीचे कापड असेल, परंतु आजीचा संसार नाही.

शिवताना एके ठिकाणी सुई अडली. पाहते तो आजीने स्वतः घातलेला रफू. टाके इतके बारीक की बोटाला कळावेत, डोळ्यांस नव्हे. माझा जाड टाका मी त्याच्या बाजूने वळवून नेला, त्यामुळे तेथे ओळ किंचित वाकडी झाली आहे, आणि ती तशीच राहणार आहे.

सातांपैकी सहा खण चौकोनांत बसले. सातवा, हिरव्या अंगाचा व तांबड्या काठाचा, मी कापला नाही. येत्या चैत्रात हळदीकुंकवाला तो भाचीच्या ओटीत घालावयाचा आहे.