हट्ट गावाचा, किंमत एका घराची

'मोडेन पण वाकणार नाही' हा आपल्याकडे कौतुकाचा शेरा आहे. बांधावरच्या हातभर जमिनीसाठी सख्ख्या भावाला आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणाऱ्यालाही आपण तो लावतो आणि खोटी साक्ष द्यायला नकार देऊन नोकरीवर पाणी सोडणाऱ्यालाही. दोघेही मागे हटत नाहीत, एवढंच आपल्याला दिसतं. पण पहिल्याच्या अंगात हेका असतो, दुसऱ्याच्या अंगात सचोटी. हा फरक ओळखता आला नाही की माणसं आयुष्यातून उठतात. आमच्या रायगड जिल्ह्यात रोहा, मुरुड, श्रीवर्धन अशा तालुक्यांतून गावकीच्या बहिष्कारांची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा समोर उभी राहिली. तिचा विचार करायला मला आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल' या नाटकाइतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही.

नाटकामागचा इतिहास १६९२ सालचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतलं सेलम हे कडव्या प्युरिटन पंथाच्या लोकांचं गाव. तिथल्या पाद्र्याच्या घरात दोन मुलींना झटके येऊ लागले, कोणीतरी चेटूक केल्याचं निदान झालं आणि नावं घेतली जाऊ लागली. बघता बघता दीडशेहून अधिक माणसं आरोपी झाली. १९ जण फासावर गेले. जाइल्स कोरी नावाच्या वृद्ध शेतकऱ्याने न्यायालयापुढे बाजू मांडायलाच नकार दिला, तेव्हा त्याच्या छातीवर दगडांचं वजन वाढवत नेऊन त्याला मारलं. या सगळ्यात एक विलक्षण गोष्ट होती. ज्यांनी चेटूक केल्याचं कबूल केलं आणि आणखी नावं सांगितली, ते वाचले. 'मी काही केलेलं नाही' या सत्याला जे चिकटून राहिले, ते मेले. खोट्याला जीवदान आणि खऱ्याला फास, असा तो उलटा न्याय होता.

मिलरने हे नाटक जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आणलं, तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांचा शोध चालू होता. चौकशी समितीपुढे यायचं, जुन्या मित्रांची नावं सांगायची आणि सुटायचं, हा तिथला रिवाज झाला होता. जून १९५६ मध्ये खुद्द मिलरला समितीपुढे उभं राहावं लागलं. स्वतःबद्दल तो बोलला, दुसऱ्यांची नावं सांगायला मात्र त्याने नकार दिला. पुढच्या वर्षी त्याला अमेरिकी काँग्रेसच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं गेलं आणि १९५८ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

या नाटकाबद्दल बोलताना सहसा नायक जॉन प्रॉक्टरच्या ताठ मानेचीच चर्चा होते. माझ्या मते नाटकातला सर्वांत हट्टी माणूस प्रॉक्टर नसून न्यायाधीश डॅनफर्थ आहे. शेवटच्या अंकात पाद्री हेल त्याला गयावया करून सांगतो की फाशी लांबणीवर टाका, या माणसांवरचे आरोप खोटे आहेत. डॅनफर्थचं उत्तर असं, की याच गुन्ह्यासाठी बारा जणांना आधीच फाशी दिलेलं आहे; आता थांबलो तर त्या बारा जणांचं काय? आधीची चूक उघडी पडू नये म्हणून पुढची चूक करायची, हा हेक्याचा गाभा त्या एका उत्तरात आहे. त्याच्यापुढे पुरावा ठेवला तर तो पुरावा आणणाऱ्यालाच आरोपी करतो. नाटकात रेबेका नर्ससारख्या बायका चांगल्या आहेत असं ९१ शेजारी सही करून कळवतात, तर न्यायालय त्या ९१ जणांनाच चौकशीसाठी पकडून आणायचा हुकूम काढतं.

प्रॉक्टर याच्या अगदी उलट आहे. तो पहिल्यापासून ठाम नाही. सुरुवातीला त्याला या भानगडीत पडायचंच नसतं. बायकोला धरून नेल्यावरच तो कोर्टात जातो. अखेरच्या पहाटे जगण्याच्या ओढीने तो तोंडी कबुलीही देतो. मात्र 'तुझ्याबरोबर आणखी कोण होतं' या प्रश्नाला तो उत्तर देत नाही. कागदावर सही करतो, पण तो कागद चर्चच्या दारावर लागणार हे कळताच हातातून सोडत नाही आणि शेवटी फाडून टाकतो. तोंडी खोटं त्याच्यापुरतं होतं. दारावरच्या कागदाने ते न वाकता मरायला निघालेल्या शेजाऱ्यांच्या विरोधात उभं राहिलं असतं आणि त्याच्या मुलांना त्याच नावाखाली जगावं लागलं असतं. स्वतःला तो संत मानत नाही. त्याच्या हातून व्यभिचार घडलेला आहे आणि तो त्याने भर कोर्टात कबूलही केला आहे. सचोटीसाठी माणूस आधी निष्कलंक असावा लागत नाही, ही या नाटकाने दिलेली फार मोलाची समज आहे. कारण अन्यायाविरुद्ध तोंड उघडणाऱ्याला गाव पहिला प्रश्न हाच विचारतं: तू कुठला मोठा धुतल्या तांदळाचा?

आता आपल्या गावकीकडे येऊ. बैठक देवळाच्या सभामंडपात बसते. कोणी गावाने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध निवडणुकीला उभा राहिलेला असतो, कोणी जातीबाहेर लग्न केलेलं असतं, कोणी जमिनीच्या वादात पंचांचा निवाडा न मानता कोर्टात गेलेला असतो. गाव त्याला वाळीत टाकतं. त्या दिवसापासून त्या घराशी बोलायचं नाही. लावणीला सावड नाही, दुकानात माल नाही, गिरणीत भात भरडून मिळत नाही, हळदीकुंकवाचं बोलावणं नाही. गणपतीत पेणच्या कारखान्यातून आणलेली मूर्ती इतरांसारखीच त्या घरातही बसते, पण आरतीला शेजारचं एक पोर येत नाही. झांजा घरच्याच चार माणसांनी वाजवायच्या. घरात मयत झालं तर खांदा द्यायला परगावचे नातेवाईक बोलवावे लागतात. आणि त्यांच्याशी जो बोलेल त्याला दंड. गावात परत यायचं तर वाट ठरलेली: चूक कबूल करायची, दंड भरायचा, बैठकीपुढे माफी मागायची. चूक झालेलीच नसली तरीही.

सेलमचा उलटा न्याय इथे जसाच्या तसा आहे. खोटी कबुली दिली की गावात, खरं बोललं की गावाबाहेर. साक्षीदाराला आरोपी करणारा डॅनफर्थही इथे आहेच. फक्त तो एकटा नसून सभामंडपभर पसरलेला आहे, आणि म्हणून त्याला चेहरा नाही. पंचांना एकेकटं गाठून विचारलं तर अनेकांचं उत्तर एकच असतं: माझं काही नाही हो, गावाने ठरवलंय.

गावकीची बाजू घेणारे सांगतात की याच गावकीने देवळं बांधली, विहिरी खोदल्या, अडीअडचणीला माणसं उभी केली. एकी मोडली तर गावात राहिलं काय? हे म्हणणं खोटं नाही आणि ते झटकून टाकणं अन्यायाचं होईल. एकीने काय होऊ शकतं हे पेण तालुक्याने देशाला दाखवलं आहे. रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतली जमीन घ्यायची ठरली, तेव्हा एन. डी. पाटील आणि उल्का महाजन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने शेतकरी लढले. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेणच्या २२ गावांत प्रशासनाला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. कौल जमीन देण्याच्या विरोधात होता हे लपून राहिलं नाही, आणि तो सेझ उभा राहिला नाही. ही गावंही मागे हटली नव्हतीच. मग यांचा निर्धार आणि बहिष्कार टाकणाऱ्या गावाचा हट्ट यांत फरक कोणता?

मला दोन फरक दिसतात. पहिला, किंमत कोण मोजतं हा. सेझला नकार देणाऱ्या शेतकऱ्याने समोर आलेला पैसा नाकारला. तोटा झाला असता तर त्याचा स्वतःचा झाला असता. बहिष्कारात निर्णय सगळ्या गावाचा आणि भोग एका घराचा. दुसरा फरक असा की सेझच्या मतदानात ज्याची जमीन, त्याने आपलं मत स्वतः नोंदवलं. शेजारी 'हो' म्हणाला तरी तो शेजारी राहू शकत होता. बैठकीत मात्र 'एकमत' जाहीर होतं, कारण 'नाही' म्हणणाऱ्याचं घर पुढच्या बैठकीचा विषय होतं. ज्या एकीत 'नाही' म्हणायची सोय नाही, ती भीतीने बांधलेली मोळी असते. दोरी सुटली की काय उरतं ते तेव्हाच कळतं.

याच जिल्ह्याशी नातं असलेला एक माणूस या दोन्ही कसोट्यांना उतरलेला आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख मूळचे रोह्याच्या घराण्यातले. जन्म महाडजवळच्या नाते गावचा. लोकसभेत ते कुलाब्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, प्रतिनिधी होते. मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला, मुंबईत गोळीबारात माणसं मेली आणि त्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करायला सरकार तयार होईना. मिलरने समितीला नकार दिला त्याच्या पुढच्याच महिन्यात, जुलै १९५६ मध्ये, देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि आपली कारणं लोकसभेत उभं राहून सांगितली. आयुष्यभर शिस्तीत वावरलेला सनदी अधिकारी होता तो. आरडाओरडा करणारा पुढारी नव्हे. त्यांचा निर्धार जिथे सुरू झाला तिथेच थांबला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी कोणावर सूड उगवला नाही. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद घेऊन ते शिक्षणाच्या कामाला लागले. जे पटलं नाही त्यातून बाहेर पडले, जे पटत होतं ते करत राहिले. हेका असा थांबत नाही. तो एका मुद्द्यावरून माणसावर, माणसावरून त्याच्या घरादारावर जातो.

तरी एक प्रश्न उरतोच आणि तो अवघड आहे. देशमुखांनी पद सोडलं, त्यांच्या घरची चूल विझली नाही. प्रॉक्टर फासावर गेला तेव्हा मागे गरोदर बायको आणि मुलं होती. वाळीत टाकलेल्या घरातला कर्ता 'मी माफी मागणार नाही' म्हणतो, तेव्हा शाळेत एकटं बसणारं पोर त्याचं असतं आणि पाणवठ्यावर माना फिरवलेल्या बायकांतून हंडा भरून आणणारी त्याची बायको असते. तत्त्वासाठी दुसऱ्याला उपाशी ठेवायचा हक्क त्याला कोणी दिला? नाटकात एलिझाबेथ प्रॉक्टर नवऱ्याला 'मर' म्हणत नाही आणि 'जग' असंही म्हणत नाही. तो निर्णय ती त्याच्यावर सोडते. मला वाटतं, बाहेरून पाहणाऱ्या आपणही इतकीच मर्यादा पाळावी. लेकरांच्या तोंडाकडे बघून दंड भरणारा आणि गावापुढे हात जोडणारा माणूस भ्याड ठरत नाही. त्याच्याकडून हौतात्म्य मागायचा अधिकार आपल्याला नाही.

मग ताठ मान मागायची कोणाकडे? ज्यांना ती सर्वांत स्वस्त पडते त्यांच्याकडे. म्हणजे दुसऱ्या घराकडे, तिसऱ्या घराकडे. गावच्या शाळेतल्या मास्तरांकडे, पोलीस पाटलांकडे, सरपंचाकडे. मुंबईत नोकरी करून सणाला गावी येणाऱ्या आणि मंडळाच्या पावतीवर वर्गणी देणाऱ्या चाकरमान्यांकडे, ज्यांची चूल गावावर चालत नाही. सेलममध्ये खरोखरच शेजाऱ्यांनी रेबेका नर्स आणि प्रॉक्टरसाठी अर्जांवर सह्या केल्या होत्या; त्या पुरेशा पडल्या नाहीत, पण त्या सह्यांमुळेच आज आपण म्हणू शकतो की सगळं गाव वेडं झालं नव्हतं. आपल्याकडे तर कायदा सही करणाऱ्याच्या बाजूने आहे. १९४९ च्या मुंबई राज्याच्या बहिष्कारविरोधी कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवलं, त्यानंतर अर्धं शतक राज्याकडे या गुन्ह्यासाठी स्वतंत्र कायदाच नव्हता. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायती आणि गावकीच्या बहिष्काराविरुद्ध मोहीम उघडली. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा खून झाल्यावरही कार्यकर्त्यांनी ती सोडली नाही. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायद्याला साक्षीदार लागतो. 'बैठकीत मी होतो, असं ठरलं होतं' हे एक वाक्य बोलणारा माणूस न्यायालय निर्माण करू शकत नाही. तो गावातूनच यावा लागतो.

आणि गावालाही एक वाट मोकळी ठेवली पाहिजे. सेलमच्या खटल्यांतला एक न्यायाधीश, सॅम्युएल स्यूअल, १६९७ मध्ये बोस्टनच्या चर्चमध्ये भर सभेत उभा राहिला आणि पाद्र्याने त्याचं निवेदन वाचून दाखवलं: दोष माझा आहे. त्याने डॅनफर्थसारखं 'आता थांबलो तर आधीच्यांचं काय' असं विचारलं नाही. त्याच्या कबुलीने मेलेली माणसं परत आली नाहीत, पण नाव त्याचंच मोठं झालं. आपल्याकडे गावकीला वाटतं की बहिष्कार मागे घेतला तर गावाची इज्जत गेली, म्हणून दंड आणि माफी घेतल्याशिवाय ती त्या घराला जवळ करत नाही. बैठकीने दंड न घेता, माफी न मागायला लावता, 'आमचं चुकलं' असं त्याच सभामंडपात म्हणावं. ज्या गावाला हे जमेल त्याला खरं तर जास्त कठीण गोष्ट जमलेली असेल, कारण दहा जणांनी मिळून एकाला वाकवायला काहीच लागत नाही. वाकावं कुठे आणि मोडलं तरी वाकू नये कुठे, हे ज्याला समजलं त्यालाच 'मोडेन पण वाकणार नाही' म्हणायचा अधिकार आहे.