वाडगे कुणापुढे धरलेत?

लहान मुलांचं वास्तववादी रेखाटन पाहिलं की आपल्या तोंडून आधी निघतं ‘हुबेहूब!’, मग ‘किती निरागस!’ आणि पाहणं तिथेच संपतं. मला ही दाद अपुरी वाटते. पापणीची सावली जमणं हे कसब आहेच, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण अर्थ लावायचा तर आधी विचारावं, चित्रकाराने बघणाऱ्याला कुठे उभं केलंय?

जर्मन चित्रकार केथे कोलवित्झ यांचं ‘जर्मनीची मुलं उपाशी आहेत’ हे १९२३चं चित्र घ्या. शिळामुद्रणाचं असलं तरी त्यात क्रेयॉनची खरखरीत रेघ जशीच्या तशी उतरली आहे. त्या वर्षी जर्मनीत साध्या पावाला अब्जावधी मार्क मोजावे लागत होते. कोलवित्झ यांचे पती बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर. उपासमार दारातच येत होती. चित्रात मुलं रिकामे वाडगे उंच धरून वर बघताहेत. मागे रस्ता नाही, घर नाही. सगळा भार डोळ्यांवर, हातांवर आणि वाडग्यांवर. वाढणारा मात्र चित्रात कुठेच नाही, कारण ती जागा आपल्यासाठी सोडलेली आहे. मुलं खाली, आपण वर. वाडगे येतात ते थेट आपल्या हाताशी. करुणा चेहऱ्यांत आहे असं वाटतं खरं, पण ती या मांडणीत आहे. हेच चेहरे समोरून, त्यांच्या उंचीवरून काढले असते तर ती नुसती व्यक्तिचित्रं झाली असती.

या मुलांना नावं नाहीत. त्यामुळेच हे चित्र कुठल्याही देशाच्या भिंतीवर लागू शकतं. पण बिननावाचं मूल कुणीही उचलू शकतो. १९३३ साली नाझींनी कोलवित्झ यांना प्रशियन कला अकादमी सोडायला लावली, आणि पुढे त्यांचंच माय-लेकरांचं एक चित्र स्वतःच्या प्रचाराला वापरलं. रेघ तीच, उपास तोच. पण तो कुणी लादला हे चित्रात लिहिलेलं नव्हतं.

याउलट चित्रकार चित्तप्रसाद. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात ते मेदिनीपूर जिल्ह्यात पायी फिरले आणि काळ्या शाईत माणसं काढत गेले. मूल, आई, म्हातारा जो समोर येईल त्याचं चित्र, आणि सोबत गावं-नावं, कुणाचं काय झालं याच्या नोंदी. यातून झालेल्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. नावं-गावं सोबत असल्याने त्या चित्रांचा दुसरा काही उपयोग करून घेणं सरकारला जमण्यासारखं नव्हतं. चित्तप्रसाद पुढे मुंबईत राहिले. तिथेही राबणारी मुलं त्यांच्या लिनोकट्समध्ये येत राहिली.

निव्वळ चित्र म्हणून मला कोलवित्झच वरचढ वाटतात. चित्तप्रसादांच्या काही रेखाटनांत बातमीदाराची घाई दिसते, हाडं जरा जास्तच मोजून दाखवलेली वाटतात. पण ती सुटी करून नुसती चौकटीत टांगू नयेत. शेजारची नोंद काढून टाकली, की त्या मुलालाही आपण पुन्हा ‘निरागस’ म्हणून मोकळे होतो.