रिकाम्या खोलीचा प्रश्न

कॉलेजांतील खोल्या कोणीं, कोणास व कोणत्या तासाला द्याव्या हा प्रश्न प्रथमदर्शनीं कारकुनी वाटतो. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत त्याला स्वतंत्र स्थान मिळालेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. तथापि न्याय म्हणजे काय, या पुरातन वादांतील बहुतेक मुद्दे या एका कामांत येऊन जातात. आणि हें काम संगणकाकडे सोंपविण्याची लाट आतां आमच्या पालघर जिल्ह्यापर्यंत येऊन पोंचली असल्यानें त्याचा थोडा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

जुनी पद्धत आम्हीं जवळून पाहिली आहे. जूनच्या आरंभीं एका मोठ्या तक्त्यावर शिसपेन्सिलीनें रेघा ओढावयाच्या, खोडरबर झिजवावयाचें, आणि तयार झालेला तक्ता नोटीस-बोर्डावर लागतांच वेळापत्रक-समितीच्या सभासदांनीं आठवडाभर तोंड चुकवावयाचें, असा तो क्रम असे. पंखा चालणारी तळमजल्यावरील खोली ज्येष्ठ प्राध्यापकास मिळे; मुतारीलगतची खोली ज्या विषयाचें कोणी ऐकत नाहीं त्याच्या वाट्यास येई. (तो विषय बहुधा मराठी किंवा तत्त्वज्ञान असे, हें सांगावयास नकोच.) या व्यवस्थेंत न्याय नांदत होता असें म्हणणारा मनुष्य एक तर ज्येष्ठ प्राध्यापक असला पाहिजे, नाहीं तर विस्मरणशील.

शिवाय तो तक्ता आतां पुरतही नाहीं. २०२४-२५ पासून राज्यांतील संलग्न कॉलेजांत पदवीच्या पहिल्या वर्षाला राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झालें. पूर्वीं सारा वर्ग एका खोलींतून दुसरींत एकदम जाई. आतां मेजर, मायनर व ओपन इलेक्टिव्ह विषय ज्याचे त्यानें निवडावयाचे, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची वाट निराळी. गणित्यांना ही अडचण फार पूर्वीं कळली होती. प्रत्येक तासिका हा एक ठिपका, ज्या दोन तासिका एकाच वेळीं घेतां येत नाहींत त्यांना जोडणारी रेघ, आणि प्रत्येक वेळ म्हणजे एक रंग. रेघेनें जोडलेल्या ठिपक्यांना एकच रंग येतां कामा नये, असें तें कोडें आहे. १९७६ सालीं इव्हन, इताई व शमीर या तिघांनीं सिद्ध केलें कीं, वेळापत्रकाचें अगदीं साधें केलेलें रूपही अशा जातीच्या कोड्यांत मोडतें, ज्यांचा आकार वाढला असतां तीं झटपट सोडविण्याची खात्रीची रीत आजवर कोणासही सांपडलेली नाहीं. म्हणून मोठ्या कॉलेजाचें सर्वोत्तम वेळापत्रक संगणकही बहुधा काढीत नाहीं. तो बरेंसें काढतो, आणि ‘बरें’ कशाला म्हणावें हें त्याला आधीं सांगावें लागतें. प्राध्यापकाचा मधला तास रिकामा गेला तर दंडाचे इतके गुण, खोली अर्धी रिकामी राहिली तर इतके. हे गुण यंत्र ठरवीत नाहीं. आमचा सारा प्रश्न येथेंच उभा राहतो.

बंद पडलेला पंखा, गळणारें छप्पर, तुटलेलें बांक यांच्या तक्रारी संगणकांत नोंदल्या जाव्या यास आमची हरकत नाहीं. वहींतल्यापेक्षां त्या तेथें अधिक काळ जिवंत राहतात. पण खोल्यांच्या वाटपाचें तसें नाहीं. समजा, विक्रमगडपलीकडील एखाद्या पाड्यावरून एक मुलगी मनोरमार्गें पालघरला शिकावयास येते. खोल्यांचा वापर वाढावा म्हणून यंत्रानें तिचा एक तास साडेचारला ठेविला. कागदावर तें निर्दोष आहे : खोली मोकळी, प्राध्यापक मोकळे, आणि मुलगीही मोकळीच. परंतु तो तास संपवून मस्तान नाक्यावर पुढच्या एस.टी.ची वाट पाहतां पाहतां अंधार पडतो, आणि घरचीं माणसें तिला त्या तासाला बसूं नको म्हणतात. सत्राअखेर खोलीचा वापर पूर्ण दिसतो, व हजेरीची तूट मुलीच्या खात्यावर पडते. तारापूरच्या कारखान्यांत पाळीनें काम करून शिकणाऱ्या मुलाचीही हीच कथा.

यावर कोणी म्हणेल, एस.टी.ची वेळही यंत्रांत घाला म्हणजे झालें. हें म्हणणें खरें आहे, व तें आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. किंबहुना एकदां घातलेली अट यंत्र सर्वांना सारखी लावतें. जुन्या कारकुनाची दया मात्र त्याच्या टेबलापर्यंत जाण्याचें धैर्य असलेल्यांनाच मिळे, आणि ती मुलगी तेथवर कधींच गेली नसती. आरिस्टॉटलनें लेस्बॉस बेटांतील गवंड्यांच्या शिशाच्या मापाचा दाखला दिला आहे. दगड जसा असेल तसें तें माप वांकत असे. केवळ शास्त्रावर भिस्त ठेवून निर्णय देऊं नये, युक्तीवांचून धर्महानि होते, असें आपल्याकडे बृहस्पतीनेंही सांगून ठेविलें आहे. परंतु शिशाचें माप ओळखीच्या दगडासाठीं जरा अधिकच वांकतें, हा आमच्या संस्थांचा अनुभव आहे.

तेव्हां भीति यंत्राच्या कठोरपणाची नाहीं. ती या वाक्याची आहे : ‘सिस्टिम घेत नाहीं.’ व्याकरणदृष्ट्या हें वाक्य कर्तरी आहे. फक्त कर्ता पळून गेलेला आहे. पूर्वीं ‘साहेबांना विचारा’ म्हणत, तेव्हां निदान साहेब नांवाचा मनुष्य कोठें तरी बसलेला असे. दंडाचे गुण कोणीं ठरविले, हें आज त्या खिडकीपाशीं विचारून कळत नाहीं. तें ठरविणाऱ्यांनीं त्यावर सही करावी, कारणें साध्या मराठींत बोर्डावर लावावीं, आणि तीं ठरण्यापूर्वीं एस.टी.नें येणाऱ्या मुलांना कोणीं तरी जाऊन विचारावें, एवढी आमची मागणी आहे. न विचारलेली अडचण यंत्रांत घालतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट. वापराची टक्केवारी काढणारास रिकामी खोली म्हणजे नासाडी वाटते. ज्याच्या घरीं अभ्यासाची वेगळी खोली आहे त्यानें खुशाल तसें मानावें. पाड्यावरून आलेल्या मुलांचा दोन बसगाड्यांमधला वेळ कोठें जातो हें मात्र दुपारच्या वेळीं कॉलेजांतून हिंडल्यास दिसतें. कुलूप नसलेल्या वर्गांत चौघे-पांच जण बसलेले असतात. एक जण डबा खात असतो, एक दुसऱ्याची वही उतरून घेत असतो, एखादी भिंतीला टेंकून झोंपलेली असते. सारख्या उंचीच्या टेबलाशीं, पंख्याखालीं, कोणी काम न सांगतां बसावयाची जागा त्यांना दिवसांतून एवढीच मिळते. हा वापर कोणत्याही तक्त्यांत चढत नाहीं, कारण त्याला ना विषय आहे ना प्राध्यापक. शंभर टक्के वापर साधला कीं हीं मुलें जिन्यावर येतात.

म्हणून निदान दोन खोल्या यंत्राच्या यादींतून वगळाव्या असें आम्हांस वाटतें. त्यामुळें बाकीच्यांवर ताण पडेल, कांहीं तास शनिवारीं अथवा सकाळीं लवकर घ्यावे लागतील, आणि तें प्राध्यापकांस रुचणार नाहीं. सकाळच्या तासांना एस.टी. नसल्यास ते पालघरांतच राहणाऱ्या मुलांच्या विषयांना लावावे. गैरसोय उरेल ती प्राध्यापकांनीं सोसावी. आमच्यापैकीं बहुतेकांजवळ स्वतःचें वाहन आहे.