आधी माउस खाली ठेवा

काल दुपारचा अंध आणि अल्पदृष्टी माजी सैनिकांचा संगणकवर्ग मी मागच्या बाकावर बसून पाहिला. मध्ये बोलले नाही, कारण शिकणाऱ्यांदेखत शिकवणाऱ्याचा पाणउतारा करायची मला सवय नाही. आज शिकणारे समोर नाहीत. तेव्हा बोलते, आणि कुणाला लागलं तर लागू द्या.

सुभेदार साहेब पेन्शनचं पान उघडून बसले होते. टॅब दाबत, हेडफोनमधला आवाज ऐकत, एकेक रकाना पुढे सरकत होते. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर जागी आले. तेवढ्यात तुमच्यातल्या एकाने त्यांचा हात कीबोर्डवरून बाजूला सारला. "राहू द्या काका, मी करून देतो." मग भर वर्गात त्यांना पासवर्ड विचारला. त्यांनी सांगितला. मोबाइलवर आलेला ओटीपी तुम्हीच वाचलात, तुम्हीच टाकलात, आणि वर त्यांची पाठ थोपटून म्हणालात, "बघा, जमलं की नाही!"

काय जमलं? कुणाला जमलं? त्या माणसाच्या पदरात तुम्ही एवढंच टाकलंत की शेजारी डोळस माणूस बसल्याशिवाय आपलं काम होत नाही आणि पासवर्ड मागेल त्याला सांगायचा असतो. उद्या "बँकेतून बोलतोय" म्हणून कुणी फोन केला आणि साहेबांची आयुष्यभराची पुंजी गेली, तर तो धडा कुठे गिरवला होता हे मला शोधावं लागणार नाही.

आणि काका कुणाचे हो? ज्याने पन्नास-पन्नास जवानांची जबाबदारी वाहिली त्याला सुभेदार साहेब म्हणायला जीभ जड होते? फौजेतला शिपाई पुष्कळदा चाळिशीच्या आतच निवृत्त होतो. तुमच्या वर्गातले दोघे तर माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान आहेत. डोळे गेले म्हणून माणूस एका रात्रीत म्हातारा होत नाही आणि बाळही होत नाही. त्यांच्याशी तो लाडिक, ठळक, हळू आवाज काढणं आजपासून बंद. अंधारात, केवळ बोटांच्या भरवशावर हत्यार खोलून पुन्हा जोडायची ज्यांना सवय, त्यांना कळा पाठ करणं अवघड जात असेल तर खोट शिकवण्यात आहे.

तुम्ही ज्याला दया म्हणता ती मला दया वाटत नाही. ते तयारी न केल्यावरचं पांघरूण आहे. पुढच्या मथळ्यावर कसं जायचं, असं हवालदार साहेबांनी विचारलं, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत? "वर उजवीकडे निळं दिसतंय ना, तिथे क्लिक करा." त्यांना निळं दिसत असतं तर ते तुमच्याकडे आले असते का? पडदा वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये वेबपान वाचताना एच दाबलं की पुढचा मथळा, एफ दाबलं की फॉर्मचा पुढचा रकाना, बी दाबलं की बटण. इन्सर्ट आणि एफ सात एकत्र दाबलं की पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी समोर येते. कंट्रोल दाबलं की आवाज थांबतो. हे शेवटचं तरी ठाऊक हवं होतं! ते यंत्र साहेबांच्या कानात अखंड बोलत होतं आणि त्यावर तुम्ही ओरडून सूचना देत होता. दोन आवाजांत त्या माणसाने ऐकायचं कुणाचं?

ही साधनं आणि हे शिक्षण ज्यांनी घडवलं त्यांची नावं तरी माहीत आहेत? एनव्हीडीए २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू केलं ते मायकल करन यांनी, लगेच जेमी टेह त्यांना येऊन मिळाले; दोघेही अंध, आणि जगभर फुकट दिलं. जॉज हा स्क्रीन रीडर टेड हेन्टर यांचा. मोटरसायकलच्या शर्यतीत धावणारा हा माणूस १९७८ मध्ये अपघातात दृष्टी गमावून बसला, आणि १९८९ मध्ये त्याचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. फौजेपुरतंच बोलायचं तर १९४३ साली डेहराडूनला, महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स वसतिगृह निघालं. आज तिथे असलेल्या दृष्टिबाधितांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं मूळ तेच. त्या वसतिगृहाची धुरा होती क्लूथा मॅकेन्झी यांच्याकडे. न्यूझीलंडचा हा सैनिक १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत अंध झालेला. लंडनचं मूळ सेंट डन्स्टन्स त्याच वर्षी काढणारे आर्थर पीअर्सन वृत्तपत्रांचे मालक, काचबिंदूने दृष्टी गेलेले. या माणसांनी काम आधी स्वतः न बघता करून पाहिलं, मग दुसऱ्याला शिकवलं. तुम्ही मॉनिटर बंद करून एक ईमेल तरी पाठवली आहे?

आता अल्पदृष्टी असलेल्यांबद्दल. तुम्ही सरसकट सगळ्यांच्या पडद्यावरची अक्षरं चौपट करून मोकळे झालात. काचबिंदूत कडेचं दिसणं जातं, मधलं थोडं उरतं. तिथे अक्षर अवाढव्य केलंत की एका नजरेत एकच अक्षर मावतं आणि ओळ हातची जाते. ज्याच्या दृष्टिपटलाचा मधला भाग गेला, त्याला मोठं अक्षर खरोखर लागतं. मधुमेहाने नजरेत ठिकठिकाणी डाग पडलेल्याला पांढऱ्या पडद्याचा झगझगाट सोसत नाही. त्याला काळ्यावर पांढरी अक्षरं करून द्यावी लागतात. सुरुंगाच्या स्फोटात डोळे गेलेल्यांचे कानही पुष्कळदा दुखावलेले असतात, एका कानात सतत शिट्टी वाजत असते. त्यांना कुठल्या कानाने ऐकू येतं, आवाजाची गती किती चालते, हे विचारायला किती वेळ लागतो? एकानेही विचारलं नाही.

वाटलेल्या टिपणांचं काय सांगू! निम्मी स्कॅन केलेली, म्हणजे पानाचा फोटो. स्क्रीन रीडरला त्यात अक्षरच सापडत नाही. उरलेली जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये. तुम्हाला पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, पण आत इंग्रजी कळांचा गोंधळ साठवलेला असतो आणि तोच कानात वाचला जातो. नाईक साहेब अर्धा तास तो ऐकत बसले. यंत्र बिघडलंय असं त्यांना वाटलं. तुम्ही चूक कबूल केली नाहीत, त्यांना "सराव करा" म्हणालात. याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

हे काम फावल्या वेळचं पुण्य आहे, या समजात राहू नका. पेन्शनसाठी हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून द्यायचा तर पापण्या मिटून-उघडून दाखवायला सांगतात. बँकेच्या केवायसीतही तेच. ज्याला कृत्रिम डोळे बसवलेत त्याने काय मिटायचं? ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीची पद्धत अंधांना व चेहरा भाजलेल्यांना जमेल अशी हवी. खटल्यात ॲसिडहल्ल्यातून बचावलेली एक बाई आणि एक अंध वकील उभे होते. आपल्या वर्गात हा निकाल कुणी उच्चारला? साहेबांना बँकेत नाही म्हटलं, तर कुठल्या आधारावर भांडायचं हे त्यांना कोण सांगणार?

सोमवारी साडेदहाला सगळ्यांनी हजर राहायचं. मॉनिटर बंद असतील, माउस मी कपाटात ठेवून कुलूप घालणार आहे. प्रत्येकाने कानाने ऐकत एक ईमेल पाठवायची, एक फॉर्म भरायचा आणि स्वतःचा पासवर्ड कुणाला न सांगता टाकायचा. टिपणं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून आणायची. ज्याला जमणार नाही त्याने त्या आठवड्यात शिकवायचं नाही, शिकायला बसायचं. शिकवायला मी नाईक साहेबांना विनंती केली आहे. कीबोर्ड ते आजच तुमच्या सगळ्यांपेक्षा वेगाने चालवतात. ते हो म्हणाले आहेत.